जोगाईच्या गावातली चार वर्षं

गेल्या मार्गशीर्षात योगेश्वरीच्या नवरात्रासाठी अंबाजोगाईला गेलो, तेव्हा बरोबर बहिणीचा मुलगा होता. तो यंदा बारावीला आहे. हैदराबादहून रात्रीच्या गाडीनं विकाराबाद, बिदर, उदगीर करत सकाळी परळी गाठायची आणि तिथून एसटीनं पंचवीसेक किलोमीटर. खिडकीबाहेर बालाघाटाचे उघडे डोंगर बघून त्यानं विचारलं, "मामा, इथं चार वर्षं राहिलास? बोअर नाही झालास?"

झालो होतो की. पहिले तीन-चार महिने तर परतीच्या गाडीचं वेळापत्रक पाठ होतं.

अकरावी-बारावी मी हैदराबादेतल्या एका मोठ्या ज्युनिअर कॉलेजात काढली. सकाळी सहाला आत, रात्री बाहेर, एका सेक्शनमध्ये शंभरावर मुलं. शेजारी बसणाऱ्या मुलाचा रँक मला माहीत होता, घर कुठं ते दोन वर्षांत कळलं नाही. एमसेटचा माझा रँक असा आला, की घरात दोन दिवस कुणी तो मोठ्यानं उच्चारला नाही. मग वडिलांनी अंबाजोगाईच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली, महाराष्ट्राबाहेरच्या मुलांना मिळू शकणारी एक जागा शोधून काढली. "आपलंच गाव की," ते म्हणाले. आमचे आजोबा याच भागातून शिकायला हैदराबादला गेले आणि तिथलेच झाले. तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, हैदराबाद राजधानी होती आणि अंबाजोगाईचं नाव होतं मोमिनाबाद. पण ते आजोबांचं गाव. माझं काय?

माझी खरी अडचण भाषेची होती. घरी आजी "काय करायलास?" म्हणायची, आम्हीही तसंच बोलायचो. लहानपणी पुण्याच्या चुलत भावंडांनी त्यावरून इतकं हसून घेतलं होतं, की बाहेरच्यांशी मी एकदम पुस्तकी मराठी बोलायचो, नाहीतर इंग्रजी. होस्टेलवर तेच केलं. आमच्या वर्गात साठ मुलं. केज, धारूर, परळी, लातूरकडची. त्यांनी माझं नाव 'हैदराबाद' ठेवलं आणि मी फार शिष्ट आहे असं ठरवून टाकलं. मोठ्या कॉलेजात एकटं राहिलं तर कुणाच्या लक्षात येत नाही. साठांच्या वर्गात येतं.

रविवारी मग मी एकटाच भटकायचो. गाव तसं लहान, पण अंगावर आठ-नऊ शतकं वागवणारं. बाहेर डोंगराच्या दरीत मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांच्या 'विवेकसिंधु'चा काळ शके १११०, म्हणजे इसवी सन ११८८ सांगतात. विदर्भातले लोकही त्यांना आपलेच मानतात, तो वाद जुना आहे. दासोपंतांची 'पासोडी' मात्र निर्विवाद इथली: सुमारे चाळीस फूट लांब कापडावर लिहिलेला ग्रंथ. दासोपंत मूळचे बिदरकडचे, हे कळल्यावर मला उगाच बरं वाटलं. माझी गाडी त्यांच्याच वाटेनं येत होती. आणि हत्तीखान्याच्या लेण्यात दगडी हत्तींजवळ बसलं, की देवीची गोष्ट आठवायची. परळीच्या वैजनाथाशी तिचं लग्न ठरलं होतं, मुहूर्त टळला, वऱ्हाडी दगड झाले आणि देवी इथंच राहिली. माझाही मुहूर्तच टळला होता म्हणा.

दिवाळीनंतरची गोष्ट. मेसमध्ये जेवताना आजीचा फोन आला. मी नेहमी फोन घेऊन बाहेर जायचो, त्या दिवशी बाहेर पाऊस होता. "जेवायलो आजी, तू काय करायलीस?" एवढंच बोललो. टेबल गप्प झालं. मग धारूरचा एक जण म्हणाला, "अबे, हे तर आपल्यासारखंच बोलायलंय की!" सगळे हसले. पुण्यात हसले होते तसं नव्हे. मीही हसलो, आणि त्या रात्री कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.

पुढचं सगळं त्या काळातल्या लोडशेडिंगनं केलं. दिवसाला तासन् तास वीज नसायची. लॅबमध्ये प्रोग्रॅम अर्धवट राहायचा आणि त्याचा संताप व्हायचा, पण रात्री सगळं होस्टेल गच्चीवर. तिथं कुणाच्या बापाचं कर्ज, कुणाचा राहिलेला विषय, कुणाचं ठरलेलं प्रेम हे सगळं अंधारात बाहेर यायचं. तिसऱ्या वर्षी मला कावीळ झाली, तर केजचा मित्र न विचारता त्याच्या गावी घेऊन गेला. त्याच्या आईनं आठवडाभर बिनतेलाचं जेवू घातलं. तिकडे सरांनी माझी प्रॅक्टिकल्स पुढं ढकलली. त्यांना सांगावं लागलं नाही, बाकावर मी नाही हे त्यांना दिसलं होतं.

याची किंमतही होती, ती भाच्याला सांगायला हवी. कॅम्पसला कंपन्या जवळजवळ आल्याच नाहीत. २०१० मध्ये बीई होऊन परत आलो आणि नोकरीसाठी दहा महिने हैदराबादेत चपला झिजवल्या. मुलाखतीत कॉलेजचं नाव सांगितलं, की समोरचा पुन्हा विचारायचा. शिवाय लहान गावात काही लपत नाही. टपरीवर कुणाशी बोललात ते संध्याकाळी रेक्टरना कळायचं. मुलींना याचा जाच फार जास्त होता. आणि एका मुलाला तर आम्ही कधी सामावूनच घेतलं नाही. तो पहिल्या वर्षानंतर निघून गेला. तेव्हा कुणी विचारलंही नाही, मीसुद्धा नाही. ते अजून टोचतं.

दर्शन झाल्यावर बसस्टँडजवळच्या टपरीवर चहा घेतला. मालकाचे केस पांढरे झालेत. "हैदराबाद, कधी आलास?" म्हणाले, पैसे घेईनात. मग भाच्याकडे बघून, "ह्याला कुठं टाकणार?"

परतीच्या एसटीत भाचा मोबाइल काढून बसला. फी किती होती, लॅब कशा होत्या, प्लेसमेंट किती, असं विचारत गेला. आठवलं ते सांगितलं, कमी-जास्त न करता. त्यानं ते टिपून घेतलं. मग म्हणाला, "आणि मेस?"

त्यावर मी परळी येईपर्यंत बोलत होतो.