पिल्लू घरी आणण्यापूर्वी

घाटकोपर-मुलुंडच्या इमारतींत आता जैन कुटुंबांतही कुत्र्याचे पिल्लू येऊ लागले आहे. वारसा जुनाच आहे. 1832 मध्ये भटक्या कुत्र्यांच्या सरकारी हत्येविरुद्ध मुंबईत दंगल उसळली. 1834 मध्ये शेठ अमीचंद शहा व जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली.

परंतु दया वाटणे वेगळे, पालन करणे वेगळे. श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे बंध, वध, छेद, अतिभारारोपण व अन्नपाननिरोध हे पाच अतिचार येथे कसोटीला लागतात. सारे दुकानी गेले असता पिल्लाला दिवसभर गॅलरीत साखळीने जखडणे हा बंध. मारणे हा वध. शोभेसाठी शेपूट कापणे हा छेद. आठ आठवड्यांपूर्वी त्याला आईपासून तोडू नये, लसी वेळेवर द्याव्यात. कांदा-लसूण जैन स्वयंपाकघरात नसतोच. पण मनुका व चॉकलेटही त्याला घातक.

पर्युषणात घर उपवासी असले, तरी पिल्लाने पच्चक्खाण घेतलेले नसते. त्याला शाकाहारावर वाढवायचे, तर आहार पशुवैद्याच्या सल्ल्यानेच ठरवावा. तेवढा वेळ व निश्चय नसेल, तर पिल्लू न आणणे हीच जीवदया.