रोवणीनंतरचे वाचन

वाचनाचे आरोग्यदायी परिणाम सांगताना एकांतात मूकपणे पुस्तक वाचणारी व्यक्ती बहुधा गृहीत धरली जाते. परंतु गोंदिया जिल्ह्यातील गोरेगाव तालुक्यासारख्या धानाच्या मुलखात मोठ्याने वाचण्याची रीत जुनी आहे, आणि वाचनाने मनाला लाभणाऱ्या स्वास्थ्याचा विचार तिच्यापासून सुरू करणे योग्य ठरते. रोवणी, म्हणजे पऱ्ह्यांतील धानाची रोपे उपटून चिखल केलेल्या बांधीत लावण्याचे काम, आटोपत येते तेव्हा श्रावण लागलेला असतो, आणि दिवसभर कमरेत वाकून राहिलेली माणसे रात्री ज्या घरी पोथी लावलेली असते तेथे जमतात. पोथी लावणे याचा अर्थ एखादा ग्रंथ ठरावीक दिवसांत, अध्यायाच्या क्रमाने, वाचून पूर्ण करण्याचा संकल्प करणे. श्रीधरांचा ‘हरिविजय’ लावला तर त्याचे ३६ अध्याय महिन्यात बसवण्यासाठी काही रात्री दोन-दोन अध्याय घ्यावे लागतात, आणि प्रस्तुत लेखकाच्या बालपणी त्या रात्रींची वाट अधिक उत्सुकतेने पाहिली जात असे.

या वाचनात एक जण ओवी वाचतो आणि दुसरा तिचा अर्थ सांगतो. ग्रंथांतील ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात व चौथा आखूड असतो. त्यामुळे वाचणाऱ्याचा श्वास तेथे आपोआप सुटतो, आणि थोड्या वेळाने ऐकणाऱ्यांचाही श्वास त्याच लयीत पडू लागतो. थकलेल्या शरीराला पोथीने जो विसावा मिळतो, त्याचे निदान अर्धे श्रेय या आखूड चरणाचे आहे, असे लेखकाला अनुभवाने वाटते. उरलेले श्रेय अर्थ सांगणाऱ्याचे. ग्रंथ तीनशे वर्षांपूर्वीच्या मराठीत, तर अर्थ पूर्व विदर्भातील झाडीबोलीत किंवा पोवारी घरांत पोवारीत सांगितला जाई; घरात ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला पोथीतले ‘पाणी’ परके न वाटता आपल्याच शब्दाचे सणासुदीचे रूप वाटे. शाळेत हीच दोन रूपे शुद्ध आणि अशुद्ध म्हणून समोरासमोर उभी राहतात. पोथीपुढे ती एकाच सतरंजीवर बसत, आणि वाचनाची भीती न वाटण्यास लेखकाच्या बाबतीत हेच कारण झाले.

पुढे अनेक वर्षांनी या रीतीचा उपयोग वेगळ्या कारणासाठी झाला. आईच्या निधनानंतर लेखकाच्या वडिलांची झोप उडाली होती, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि पोथी लावण्यास ते तयार नव्हते, कारण तिचा अर्थ सांगण्याचे काम आईचे असे. तेव्हा व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ हे पुस्तक रात्री मोठ्याने वाचण्यास सुरुवात झाली. माडगूळकरांनी ज्या अरण्यात मुक्काम करून ते लिहिले, ते अरण्य गोरेगावकरांच्या शेजारचे आहे. वडिलांचे सारे आयुष्य त्याच्या सावलीत धान पिकवण्यात गेले होते. पहिल्या रात्री ते गप्प राहिले. तिसऱ्या की चौथ्या रात्री त्यांनी वाचन थांबवून एका वाक्यावर स्वतःची भर घातली, आणि त्यानंतर ते पानोपानी थांबवू लागले: कुठे दुजोरा, कुठे दुरुस्ती, कुठे एखाद्या झाडाचे गावातले नाव. अर्थ सांगणाऱ्याची रिकामी जागा नकळत त्यांनीच घेतली होती.

भारतीय दर्शनांत ‘प्रत्यभिज्ञा’ अशी एक संज्ञा आहे. पूर्वी अनुभवलेली वस्तू समोर येताच ‘ती हीच’ असे जे ज्ञान होते, ते प्रत्यभिज्ञा. वाचनातील सुखाची मीमांसा करताना नव्या ज्ञानाला फार महत्त्व दिले जाते, परंतु रोज पाहिलेल्या रानाला छापील पानावर ओळखण्याचे सुख त्याहून खोल असते, कारण त्यात आपले दुर्लक्षित जगणे कोणीतरी लक्ष देऊन पाहण्याजोगे मानले, हा दिलासा असतो. मारुती चितमपल्लींचे ‘नवेगावबांधचे दिवस’ वाचताना हा दिलासा अधिकच गडद झाला; चितमपल्ली वनाधिकारी, तरी नवेगावबांधच्या माधवराव पाटलांसारख्या जाणत्याकडून ते शिकत राहिले, ही गोष्ट वडिलांनी पुन्हा वाचून घेतली.

येल विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५० वर्षांवरील ३,६३५ अमेरिकी व्यक्तींची माहिती तपासली होती, आणि १२ वर्षांच्या कालावधीत पुस्तके वाचणाऱ्यांचा मृत्यूचा धोका न वाचणाऱ्यांपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळला. असा अभ्यास निरीक्षणात्मक असतो, म्हणजे दोन गोष्टी एकत्र आढळतात एवढेच तो दाखवतो, एकीमुळे दुसरी घडते हे सिद्ध करत नाही. शिवाय ऐकणारा माणूस वाचक मानावा की नाही, हा प्रश्न उरतोच; गोरेगावच्या त्या घरात तरी त्याचे उत्तर होकारार्थी होते. वडिलांची झोप हळूहळू परतली. शस्त्रक्रियेनंतर ते चष्मा लावून दिवसा स्वतः वाचू लागले, मात्र रात्री जेवणे आटोपली की सकाळी वाचून संपवलेलेच प्रकरण उघडून ते पुस्तक लेखकापुढे ठेवत आणि भिंतीला टेकून बसत.