पाच हजारांच्या आत

दुबई, रविवार. बँकेतली मुलगी गोड बोलली, पण क्रेडिट कार्डासाठी इथल्या बऱ्याच बँका महिन्याला किमान ५,००० दिरहम पगार मागतात. माझा त्याच्या आत. पगार डब्ल्यूपीएस या सरकारी पगार-प्रणालीतून वेळेवर जमा होतो, एमिरेट्स आयडीही आहे. पण पत त्यावर ठरत नाही.

दुसरी वाट मुदत ठेवीची: ठेव तारण द्या, कार्ड घ्या. म्हणजे उधारीसाठी आधी आपलेच पैसे अडकवायचे! आमच्या खेडच्या वाण्याची वही बरी म्हणायची. वर कार्डाची बाकी थकली की महिन्याला तीनेक टक्के व्याज.

ठेव राहू दे. खेडच्या घराचा स्लॅब पडायचाय, पैसे तिकडेच पाठवतो. गणपतीचं विमान तिकीट रूममधल्या केरळच्या भाईच्या कार्डावर. त्याला रोख देईन.