मूर्च्छित बालक आणि त्याचे वाचक

एकच पुस्तक पाच जणांनी वाचले म्हणजे त्याची पाच पुस्तके होतात, ही गोष्ट जुनीच आहे. तथापि काही पुस्तके अशी असतात की, ती वाचकाची नुसती आवडनिवड उघड करीत नाहीत, तर तो संसारात कोणत्या ठिकाणी उभा आहे हेही सांगून टाकतात. लिझ जेन्सन या इंग्रज लेखिकेची 'द नाइन्थ लाइफ ऑफ लुई ड्रॅक्स' ही २००४ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी याच जातीची आहे. आमच्या स्नेहमंडळात ती हातोहात फिरली, आणि जो तो आपापले मत घेऊन परत आला. त्या मतांची हकीकत वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा मूळ हेतू होता. परंतु मतांची मोजदाद करिता करिता प्रश्न पुस्तकाबाहेरचा निघाला, तेव्हा त्याचाही विचार करणे भाग पडले.

कथानक थोडक्यात असे आहे. लुई हा एक चलाख, तोंडाळ आणि थोडासा विक्षिप्त फ्रेंच मुलगा. जन्मापासून दर वर्षी त्याच्यावर काहीतरी जिवावरचे संकट ओढवते आणि दर वेळी तो त्यातून वाचतो. मांजरास नऊ जीव असतात अशी इंग्रजांकडे समजूत आहे. तिच्यावरूनच पुस्तकास नाव मिळाले आहे. नवव्या वाढदिवशी आईबापांसह तो ओव्हेर्नच्या डोंगरात वनभोजनास जातो आणि दरीत कोसळतो. बाप नाहीसा होतो. बापानेच मुलास ढकलले, असे आई सांगते. मुलगा मृत म्हणून शवागारात नेला जातो आणि तेथे त्याच्यात पुन्हा धुगधुगी दिसते. परंतु शुद्ध काही येत नाही. पुढे दक्षिण फ्रान्समधील अशाच रुग्णांच्या एका रुग्णालयात डॉक्टर पास्कल दानाशे यांच्याकडे तो सोपविला जातो. अर्धी कथा हे डॉक्टर सांगतात आणि अर्धी तो अंथरुणावर निश्चेष्ट पडलेला मुलगा. संशयाची सुई शेवटी जिकडे वळते ती दिशा आईची आहे, एवढे सांगितल्यावाचून पुढील चर्चा कळणार नाही. रहस्यभंगाबद्दल वाचक आम्हांस क्षमा करोत.

पहिले मत आमच्या भाचीचे. ती महाविद्यालयात शिकते. तिने पुस्तक एका रात्रीत संपविले आणि मुलाच्या बोलण्यावर ती बेहद्द खूष झाली. मोठी माणसे ज्याला बिचारा म्हणतात तो स्वतःला मुळीच बिचारा समजत नाही. उलट मोठ्यांच्या लबाड्या तो एकेक मोजून दाखवितो, यातच तिला पुस्तकाचे सारे सौंदर्य दिसले. याच कथेवर २०१६ साली निघालेला चित्रपटही तिने पाहिला. त्यात कथा फ्रान्समधून उचलून सॅन फ्रान्सिस्कोस नेली आहे. डोळ्यांना सर्व दिसू लागल्यामुळे मुलाच्या आवाजाची जादू तेथे उणावली, असे तिचे म्हणणे. हे मत तरुण वयाचे आहे आणि त्यात पुष्कळ सत्यही आहे.

दुसरे मत आमच्या एका डॉक्टर स्नेह्यांचे. त्यांनी पहिल्यानेच हातात पेन्सिल घेतली. खोल बेशुद्धीत मनुष्य अशी सलग, सुसंगत आणि विनोदी कहाणी रचू शकेल हे त्यांना पटेना. बेशुद्धीची खोली मोजण्याचे ग्लासगो येथील टीसडेल आणि जेनेट या दोघांनी १९७४ साली तयार केलेले कोष्टक अजून सर्वत्र वापरात आहे. डोळे उघडतो काय, बोलतो काय आणि अवयव हालवितो काय, या तीन गोष्टींना गुण द्यावयाचे. अधिकात अधिक पंधरा आणि कमीत कमी तीन. निर्जीव दगडाससुद्धा या परीक्षेत तीन गुण मिळतील, असे ते हसत म्हणाले. परंतु हसून झाल्यावर त्यांनीच एक गोष्ट सांगितली. कादंबरी निघाल्यानंतर दोनच वर्षांनी, २००६ साली, एड्रियन ओवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एका तेवीस वर्षांच्या रुग्ण स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. रस्त्यावरील अपघातानंतर तिचे डोळे उघडत, पण भान असल्याची एकही खूण बाहेर दिसत नसे. मेंदूचे चित्र घेणाऱ्या यंत्रात ठेवून तिला सांगण्यात आले, 'तू टेनिस खेळत आहेस अशी कल्पना कर'. नंतर, 'आपल्या घरातील खोल्यांतून हिंडत आहेस अशी कल्पना कर.' निरोगी माणसाच्या मेंदूचा जो जो भाग अशा वेळी जागा होतो, तो तो तिच्याही मेंदूत जागा झाला. सर्वच रुग्णांत असे आढळत नाही, आणि ही अवस्था खऱ्या मूर्च्छेहून निराळी आहे, हे डॉक्टरांनी बजावून सांगितले. तरीपण त्यांच्या पेन्सिलीच्या काही खुणा त्यानंतर खोडल्या गेल्या असाव्यात असा आमचा तर्क आहे.

तिसरे मत शास्त्रीबुवांचे. त्यांनी कादंबरी वाचली नाही, ऐकली. पण विषय ऐकताच ते म्हणाले, 'ही शंका आमच्याकडे फार पूर्वी निघाली आहे.' ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात मूर्च्छेचा स्वतंत्र विचार आहे, आणि शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात त्याची बारीक चिकित्सा केली आहे. मूर्च्छित मनुष्य जागा नाही, कारण त्यास विषयांचे ज्ञान नाही; स्वप्नात नाही, कारण त्यास कसलेच भान नाही; मेलेलाही नाही, कारण प्राण आणि ऊब शिल्लक आहेत; आणि गाढ झोपलेला म्हणावे, तर मुद्रेवर ती शांती नाही. तेव्हा ही अवस्था अर्धी होय, असा निर्णय तेथे दिला आहे. यावरून आम्हांस आपल्या रोजच्या मराठीची आठवण झाली. आपण 'कोमात गेला' असे म्हणतो. जणू काय ते एखादे गाव आहे आणि तेथून परतीची गाडी मिळते. शुद्ध 'हरपते' आणि शुद्ध 'परत येते' हेही आपलेच शब्द. त्या गावी काय चालते हे न कळल्यामुळेच भाष्यकारांस आणि कादंबरीकारांस तेथे वाव मिळाला आहे.

आतापर्यंतची मते सुखाने ऐकण्यासारखी होती. खरा वाद पुढे आहे. आमच्या मंडळात शिक्षिकेचे काम केलेल्या एक वयस्क भगिनी आहेत. त्यांना पुस्तकाचा संताप आला. 'आईच्याच अंगावर किटाळ घालून वाचकांस दचकविणे ही कारागिरी हलकी आहे,' असे त्या म्हणाल्या. 'मूल आजारी पडले की सारे जग आधीच आईकडे बोट दाखविते. लेखिकेने त्या बोटाला बळ दिले.' यावर आणखी एक बाई, ज्या एरवी फारशा बोलत नाहीत, त्या बोलू लागल्या. त्यांचा मुलगा सात वर्षांचा असताना मेंदूज्वराने अकरा दिवस बेशुद्ध होता. तो बरा झाला. आता चांगला मोठा आहे. त्या म्हणाल्या, 'माझा मुलगा शुद्धीवर आला तेव्हा त्याने पाणी मागितले. अकरा दिवसांतले त्याला काहीएक आठवत नव्हते, आणि आजही आठवत नाही. तो आत काय बोलत असेल याचा मी विचारच केला नाही. माझे बोलणे थांबू नये एवढेच मी पाहिले. शेजारच्या मांजरीला किती पिले झाली, पाऊस कसा पडतो आहे, असलेच काहीतरी. भेटीला येणारी माणसे मात्र विचारीत, तापाच्या पहिल्या दिवशीच का नाही नेलेत? तेव्हा तुम्ही म्हणता ते बोट मी पाहिले आहे. पण या पुस्तकातल्या बाईचा मला राग आला नाही. मला भय वाटले ते एवढ्याचसाठी, की तीही माझ्यासारखीच बसली होती. तसाच हात हातात, तसेच जागरण, तसेच रडणे.'

यानंतर काही वेळ कोणी बोलले नाही. आमच्या मते त्या बाईंनी कादंबरीचे मर्म एका वाक्यात सांगितले. उशाशी बसलेली प्रेमळ आई आणि उशाशी बसलेली घातकी आई यांत बाहेरून काही भेद दिसत नाही. कादंबरीतील डॉक्टर फसतात ते अज्ञानामुळे नव्हे. त्यांची विद्या शाबूत आहे. परंतु त्या स्त्रीचे दुःख पाहून ते तिच्या प्रेमात पडतात, आणि ज्याच्याकडे पाहावयाचे त्या मुलाकडे पाहण्याचे सोडून देतात. दुःखाचे दर्शन हा निरपराधित्वाचा पुरावा नव्हे, हे लेखिकेने दाखविले आहे, आणि ते आमच्या समजुतीने खरे आहे.

परंतु शिक्षिकाबाईंचे म्हणणेही सोडून देण्यासारखे नाही. आपले मूल आजारी पाडून त्याच्या शुश्रूषेत मोठेपणा मिळविणाऱ्या मातांची हकीकत रॉय मेडो या इंग्रज बालवैद्यांनी १९७७ साली 'लॅन्सेट' या वैद्यक-पत्रात प्रथम मांडली, आणि त्यामुळे काही मुलांचे प्राण वाचले असतील यात शंका नाही. पण याच वैद्यांनी पुढे सॅली क्लार्क या मातेविरुद्ध न्यायालयात साक्ष दिली. तिची दोन तान्ही मुले दगावली होती. अशा सुस्थित घरी दोन मुले आपोआप जाण्याचा संभव सात कोटी तीस लाखांत एक, असा हिशेब त्यांनी मांडला. तो हिशेब चुकीचा होता. १९९९ साली तिला जन्मठेप झाली आणि २००३ साली ती निर्दोष सुटली. चारच वर्षांनी तिचा अंत झाला. कादंबरी प्रसिद्ध झाली ती या सुटकेनंतरच्या वर्षी. म्हणजे लेखिकेच्या देशातच त्या वेळी दोन्ही भये शेजारीशेजारी उभी होती. आईवर विश्वास ठेवला तर मूल जाण्याचे भय, आणि अविश्वास दाखविला तर आई जिवंतपणी जळण्याचे भय. कादंबरीस यातील एकच भय पुरले, कारण तिला शेवट हवा होता. जगणाऱ्यास दोन्ही बाळगावी लागतात.

हा प्रश्न आपल्याकडेही परका नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये अमानुष हल्ला झाला, आणि तेव्हापासून १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ बेचाळीस वर्षे, त्या त्याच रुग्णालयात भानावाचून पडून होत्या. त्यांच्यावर पुस्तक लिहिणाऱ्या पिंकी विराणी यांनी त्यांस या अवस्थेतून सोडवावे म्हणून सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने निकाल दिला. त्यात विराणी यांच्या कळकळीचा आदर केला. परंतु अरुणाबाईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार मात्र केईएमच्या सेवकवर्गाचा ठरविला, आणि त्या परिचारिकांना त्या जगावयास हव्या होत्या. एवढ्या वर्षांत त्यांच्या अंगावर शय्याव्रण होऊ दिले नाही, ही त्या परिचारिकांची कमाई होती. याच निकालात दुसरी एक गोष्ट आहे. अशा रुग्णाचे उपचार थांबविण्याचा निर्णय एकट्या नातलगांवर सोडता येणार नाही. तीन वैद्यांचे मत घेऊन उच्च न्यायालयाने तो पारखावा, असे तेथे सांगितले, कारण उशाशी बसलेल्या माणसाचा हेतू बाहेरच्यास दिसत नाही. २०१८ साली घटनापीठाने ही पद्धत बदलली आणि २०२३ साली ती आणखी सोपी केली. तथापि वैद्यांच्या दोन मंडळांनी प्रकरण पाहावे हा नियम कायम राहिला. म्हणजे कायद्याने दोन्ही तत्त्वे मान्य केली: जो सेवा करतो त्याचे ऐकावे, आणि त्याच्यावरही दुसऱ्या कोणाची नजर असावी.

आता कादंबरीविषयी आमचे मत. मूर्च्छित मुलाला वाचा दिली याबद्दल आमचा आक्षेप नाही. तसे न केले तर कादंबरीच उभी राहत नाही. आमची तक्रार इतकीच की, त्या मुलास सत्य पुरते ठाऊक असते आणि शेवटी ते बाहेर येण्यास वाटही मिळते. ही सोय फार मोठी आहे. प्रत्यक्षात त्या गावाहून परतलेला मनुष्य बहुधा पाणी मागतो. त्याच्या मुखी जे शब्द आपण घालतो ते आपलेच असतात. आई घालते ते तिचे, डॉक्टर घालतात ते त्यांचे, आणि आमच्यासारखे वाचक मत देताना घालतात ते आमचे. आमच्या भाचीचा लुई खोडकर आहे, शास्त्रीबुवांचा अर्ध्या वाटेवरचा पांथस्थ आहे, आणि त्या अबोल बाईंचा लुई काहीच बोलत नाही. सर्वांत कमी शब्द त्यांनी त्याच्या मुखी घातले, म्हणून त्यांचे मत आम्ही सर्वांत वजनदार समजतो.

असो. पुस्तकाची मांडणी कुशल आहे, मध्यंतरी डॉक्टरांची प्रीतिकथा थोडी लांबली आहे, आणि मुलाचा तिरकस विनोद अखेरपर्यंत टिकला आहे. ज्यांच्या घरी सध्या असे आजारपण आहे त्यांनी हे पुस्तक आज उघडू नये. त्यांना त्याहून महत्त्वाचे काम आहे. रोग्याची कूस वेळेवर बदलावी, त्याच्या कानी लागून घरची वार्ता सांगावी, आणि रात्री कोणी दुसरे उशाशी बसावयास आले तर त्यास नाही म्हणू नये. इतरांनी मात्र ते अवश्य वाचावे, आणि आपले मत ठरविण्यापूर्वी अशा उशाशी कधी बसलेल्या एखाद्या माणसास ते वाचावयास देऊन त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे.