आबांचं घड्याळ

आबांचं एचएमटी आता माझ्याकडे आहे. जनता मॉडेल, चावीचं. रोज चावी दिली नाही तर दुसऱ्या दिवशी बंद पडतं. पट्टा चामड्याचा, घामानं काळा झालेला. त्यावर दोन भोकं जास्तीची आहेत, घरी दाभणानं पाडलेली.

आबा पन्हाळ्यावर गाइड होते. वाघबीळवरून गाड्या वर आल्या की नाक्यावर जाऊन उभे राहायचे. मनगट वर करून सांगायचे, "पावणं, दोन तासांत सगळा गड." तीन दरवाजा, अंधारबाव, सज्जाकोठी. अंबरखान्यात गंगा कोठीच्या आत नेऊन ते सिद्दी जौहरचा वेढा सांगू लागले की १२ जुलै १६६० ची ती पावसाळी रात्र अशी उभी राहायची की पोरं आईला चिकटायची.

मी चौथीत होते तेव्हा सकाळची चावी माझ्याकडे आली. आबांना ते बारकं बटण चिमटीत धरवेना. "दे गं चावी तू," म्हणायचे. मला ते लाड वाटले. थोड्या वेळानं परसात जाऊन आले की त्यांचा हात स्थिर असायचा, म्हणून कितीतरी वर्षं मला दारू हे त्यांचं औषधच वाटत होतं. रोज पिणाऱ्याचा मेंदू ती गुंगी गृहीत धरून स्वतःला सावरत असतो. रात्रभर ती मिळाली नाही की सकाळी नसा उधळतात आणि हात कापतात.

मी नववीत असताना चुलत्यांनी त्यांना माडीवर कोंडलं. आता सुटेल, असं सगळ्यांनाच वाटलं. तिसऱ्या रात्री आबा भिंतीवरच्या मुंग्या झाडत ओरडू लागले. भिंतीवर एकही मुंगी नव्हती. अंगावरून घाम निथळत होता. शेजारून कुणी अंगारा आणला. पक्की सवय झालेल्या माणसाची दारू एकाएकी तोडली तर दोन-तीन दिवसांत असा उन्माद होतो, फिट येऊन तो दगावूही शकतो. दारू उतरवायची ती दवाखान्यात, औषधांच्या आधारानं. पहाटे आईनं स्वतः बाटली आणून दिली आणि पुढं कायम त्यासाठी स्वतःला कोसत राहिली. मी तिला कधीच दोष दिला नाही. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचटांचं मुक्तांगण १९८६ पासून सुरू होतं, त्याच्याबद्दल ऐकलंही होतं. पण ते वाया गेलेल्या माणसांसाठी, आबांसाठी नाही, अशी आमची समजूत होती. 'एकच प्याला'तला सुधाकर घरात सगळ्यांना माहीत होता. यकृत पोटात कुठल्या बाजूला असतं, ते कुणालाच माहीत नव्हतं.

पहिलं जास्तीचं भोक मी कॉलेजात असतानाचं. घड्याळ मनगटावर फिरायला लागलं म्हणून आबांनी पट्टा आत घेतला. त्याच वर्षी कमरेचा पट्टा मात्र शेवटच्या भोकावर गेला होता. पोट सुटलंय, बरं चाललंय, असं लोक म्हणायचे. ते पाणी होतं. यकृत दगडासारखं आवळलं की त्यातून रक्त सहज जात नाही, मागं दाब वाढतो आणि पाणी पोटात झिरपतं. वर साखर साठवायची त्याची ताकदही गेलेली असते, म्हणून रात्रीच्या उपाशी तासांत शरीर स्वतःचे स्नायू मोडून खातं. दोन पट्टे दोन दिशांना चालले होते आणि आम्ही रोज ते बघत होतो.

मग त्यांचे दिवस-रात्र उलटले. दुपारी उठवून उठत नसत. रात्री दोनला कपडे घालून, घड्याळ बांधून दारात उभे. "किती वाजलं? गाडी आली असंल." एकदा पाहुण्यांसमोर गंगा कोठीचं नाव आठवेना. पुन्हा पुन्हा "ही... ही..." एवढंच. मी त्यांना हाताला धरून घरी आणलं. तोंडाला गोडसर, कुबट वास येत होता.

"आज घेतली न्हाई गं. जोतिबाची शप्पथ."

"शपथ तरी खोटी घेऊ नका, आबा," मी म्हटलं. समोर जोतिबाचा डोंगर स्वच्छ दिसत होता.

दोन दिवसांनी कोल्हापुरात डॉक्टरांनी त्यांना हात पुढं धरायला सांगितले, तळवे वर उचलून, वाहनं थांबवताना धरतात तसे. तळवे पाखराच्या पंखांसारखे फडफडून खाली पडत होते. ते कापणं नव्हतं, ते वेगळंच होतं. यकृतानं न गाळलेला अमोनिया मेंदूपर्यंत गेला होता. वाससुद्धा दारूचा नव्हता, यकृताचाच होता. झोप उलटते तिथूनच याची सुरुवात होते, डॉक्टर म्हणाले.

"पिणं कधी सोडलंत?"

"एकवीस दिस झालं," आबा म्हणाले.

आमच्यापैकी कुणीच ते दिवस मोजले नव्हते.

लॅक्टुलोजचं गोड औषध सुरू झालं. पोट साफ होऊन अमोनिया उतरला आणि तिसऱ्या दिवशी नर्सनं वेळ विचारली तेव्हा त्यांनी मनगट वर केलं, बघून अचूक सांगितली. मी कॉटच्या पायथ्याशी उभी होते. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "घड्याळाला चावी दिलीस का?"

त्यानंतर दीड वर्ष ते होते. प्यायले नाहीत. दुसरं भोक त्या दीड वर्षातलं, मीच पाडलेलं. परवा दुकानदार म्हणाला, पट्टा कुजलाय, नवा घालू या. मी नको म्हटलं. ते दुसरं भोक माझ्या मनगटाला बरोबर बसतं.