विक्रमाचे मौन

प्रोग्रामिंग शिकवण्यात जसजशी वर्षे जात आहेत तसतशी एका गोष्टीविषयी माझी खात्री दृढ होत चालली आहे. पहिल्या वर्षाला येणाऱ्या विद्यार्थ्याचे घोडे गणितापाशी क्वचितच अडते. घडलेली हकीकत घडली त्याच क्रमाने, मधले काही न गाळता, दुसऱ्याला सांगण्यापाशी ते हमखास अडते. ‘सर, चालत नाहीये’ एवढे म्हणून तो समोर उभा राहतो. त्याने प्रोग्रामला काय दिले, त्याची अपेक्षा काय होती आणि प्रत्यक्षात पदरात काय पडले, याची तपशीलवार कैफियत मागितली की तो गांगरतो. आणि ज्याला ती देता येते तो बहुधा कैफियतीच्या मध्यावरच ‘अच्छा, कळलं’ असे पुटपुटत, माझ्या उत्तराची वाटही न पाहता, आपल्या जागेवर पुन्हा रुजू होतो.

या कारणास्तव सत्राच्या आरंभी संगणक बंद ठेवायला लावून मी वर्गाकडून वेताळपंचविशी वदवून घेतो. ‘चांदोबा’ वाचून वाढलेल्यांची नातवंडे आता माझ्यापुढे बसतात, तरी प्रेत, खांदा आणि झाड एवढे बहुतेकांच्या कानांवर असतेच. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मिरात रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त या कथाचक्राची जी घडण आहे तीत आवर्तनाचे बहुतेक सारे शास्त्र विनासायास सामावले आहे: राजाने शिंशपेवरून प्रेत उतरवावे, खांद्यावर टाकून भिक्षूकडे चालू लागावे, वेताळाने कथा सांगून पेच घालावा, उत्तर ठाऊक असून न दिल्यास मस्तक फुटण्याचे भय असल्यामुळे राजाने बोलावे, आणि तो बोलताक्षणी प्रेताने पुन्हा झाडावर जाऊन लटकावे. दर फेरीला तेच काय राहते आणि बदलते काय, हे मी फळ्यावर दोन रकान्यांत लिहवून घेतो आणि मग विचारतो की ही येरझार थांबते कशाने. ‘पंचवीस गोष्टी झाल्या की’ हे उत्तर सर्वांत आधी येते. ते चूक आहे, आणि त्या तासाचे सारे मोल या चुकीत आहे. कारण सोमदेवाचा राजा फेऱ्या मोजत बसलेला नाही. बापाचे लग्न मुलीशी आणि त्याच्या मुलाचे तिच्या आईशी लागल्यावर त्यांच्या अपत्यांचे परस्परांशी नाते काय, या चोविसाव्या पेचापुढे तो निरुत्तर होतो, आणि त्याच्या मौनाने चक्र तुटते. संख्येने थांबणारा लूप आणि अटीने थांबणारा लूप यांतला भेद त्यानंतर मला फारसा समजावून द्यावा लागत नाही. एका मुलीने लिहिलेल्या प्रोग्रामात राजाला गप्प बसण्याची मुभाच नव्हती. पडदा ओळींनी भरून वाहू लागला, तेव्हा मागच्या बाकावरून कोणी म्हणाले, ‘सर, राजा म्हातारा झाला.’

अदलाबदलीचे उदाहरण त्यामानाने लहान, पण अधिक बोचरे. अ मध्ये ब ची किंमत ठेवावी, मग ब मध्ये अ ची ठेवावी, हे कागदावर इतके न्याय्य दिसते की कोणी शंका घेत नाही. मोठ्याने सांगायला लावून पहिल्या ओळीनंतर ‘अ ची जुनी किंमत आता कोणाजवळ आहे?’ असे विचारले, की तिसऱ्या व्हेरिएबलची मागणी वर्गातूनच येते. पायथनात हे काम एका ओळीत उरकते, हे मला ठाऊक आहे. ती ओळ मी मुद्दाम उशिरा दाखवतो.

कथा हे मुलांना गोडी लावण्याचे आमिष आहे, असे मानणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याशी माझे पुरते जमत नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठात केटलिन केलेहर यांनी ‘ॲलिस’ या त्रिमितीय प्रणालीपासून ‘स्टोरीटेलिंग ॲलिस’ घडवले आणि ‘सरक’, ‘वळ’ अशा यांत्रिक हुकमांपलीकडे जाऊन पात्रांना बोलण्याची, विचार करण्याची, चालत जाण्याची, स्पर्श करण्याची क्रियापदे दिली. शाळकरी मुलींवर केलेल्या त्यांच्या अभ्यासात, वेळ संपल्यावरही चोरून काम चालू ठेवणाऱ्या मुलींचे प्रमाण साध्या ॲलिसमध्ये १६ टक्के होते, ते कथेच्या ॲलिसमध्ये ५१ टक्क्यांवर गेले. मात्र मूलभूत संकल्पना दोन्ही गटांना सारख्याच आत्मसात झाल्या. हा निष्कर्ष मला अगदी स्वाभाविक वाटतो. पडद्यावर राजकन्या हिंडली म्हणजे ती हिंडवणाऱ्या ओळींची हकीकत सांगता येतेच असे नाही. आणि मला जे कथाकथन शिकवायचे आहे ते या ओळींचे, त्या जेव्हा एकेक करून धावतात तेव्हा कोणाजवळ काय होते आणि काय उरले, याचे.

आमच्याकडे प्रात्यक्षिकाचे जर्नल असते. त्यात उद्दिष्ट, अल्गोरिदम, फ्लोचार्ट, प्रोग्राम, आउटपुट असा शिरस्ता असून हा ऐवज दरसाल एका वहीतून दुसरीत सहीसलामत उतरत असतो. मी त्यात ‘हकीकत’ नावाचे एक पान वाढवले आहे: नेमून दिलेल्या इनपुटवर प्रोग्राम कसा चालला, ते आरंभापासून अखेरपर्यंत मराठीत लिहावे. बाहेरून आलेल्या एका परीक्षकांनी त्यावर ‘अनावश्यक’ असा शेरा मारला. नियमाबरहुकूम पाहता तो योग्यच होता, आणि पान मी चालू ठेवले. यंदा प्रत्येकाला वेगळा इनपुट दिला आहे, त्यामुळे उतरवून काढण्याची सोय राहिलेली नाही. सरासरी काढणाऱ्या प्रोग्रामला एकही संख्या न देता तो चालवण्याचे काम ज्यांच्या वाट्याला आले, त्यांची हकीकत तूर्त भागाकाराच्या ओळीपाशी तटली आहे.