त्याचं ताट मी पाहिलं होतं

शिडाच्या जहाजावर पोरांना शिकवताना माझ्या हातून पुष्कळ चुका झाल्या. बहुतेकींची भरपाई मी स्वतः केली. एकीची किंमत अकोल्याच्या एका मुलाने मोजली, म्हणून तीच लिहितो.

गोवा शिपयार्डात बांधलेली ‘तरंगिणी’ १९९७ मध्ये नौदलात आली, ‘सुदर्शिनी’ २०१२ मध्ये. तीन डोलकाठ्या, वीसेक शिडं. उपग्रहाच्या जमान्यात ही जहाजं कशाला, असं गावाकडे मला अजून विचारतात. वारा अंगाला कळू लागावा, आणि दहा जणांनी एकदम हात घातल्याशिवाय दोर हलत नाही हे कोवळ्या वयात कळावं, म्हणून. ही घटना कोणत्या जहाजावरची ते सांगत नाही. दोष जहाजाचा नव्हता.

त्या फेरीत एनसीसीच्या नौदल विभागाची मुलं होती, सतरा-अठरा वर्षांची. यादीत ‘अकोला’ वाचलं आणि मला उमाळा आला. मी मूर्तिजापूर तालुक्यातला; नौदलात भरती होईपर्यंत समुद्र पाहिलेला नव्हता. पहिल्याच संध्याकाळी त्याला बाजूला घेऊन म्हणालो, “वऱ्हाडाचं नाव घालवू नको बे.”

“नाई जी,” तो म्हणाला. माझी चूक इथेच सुरू झाली.

जहाजावर राहण्यातलं बरंच काही त्याला शिकवावंच लागलं नाही. तिथे गोडं पाणी मोजून वापरावं लागतं. मुंबईची मुलं नळ सोडून दात घासत होती, हा अर्ध्या बादलीत आंघोळ आणि कपडे दोन्ही उरकायचा. ज्या घरी कित्येक दिवसांनी नळ येतो, तिथे ही सवय आपोआप लागते. चार तासांचा पहारा, थोडी झोप, मध्यरात्री पुन्हा पहारा, हेही त्याने निभावलं. गाठी तर नागपूरला अंबाझरी तलावावर शिडाची होडी चालवतानाच पक्क्या झाल्या होत्या. पण तलावाला समुद्राचा हेलकावा नसतो. त्याला बोट लागली. ती मुरलेल्या खलाशालाही लागते. अशा वेळी सांगून टाकायचं, घोट घोट पाणी प्यायचं आणि डोलकाठीवर चढायचं नाही. त्याने सांगितलं नाही. सांगू नकोस, असं मीच त्याला वेगळ्या शब्दांत बजावलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेसमध्ये त्याचं ताट मी पाहिलं. भात तसाच होता. ओठ कोरडे पडले होते. काय झालंय ते मला कळलं, आणि पोरगं तग धरून आहे याचं कौतुकच वाटलं.

आम्ही मुंबईहून कोचीकडे निघालो होतो. पावसाळा संपला की त्या किनाऱ्यावर दुपारनंतर वायव्येचा वारा धरतो. त्या दिवशी तो फारच वाढला आणि वरची शिडं गुंडाळायचा हुकूम आला. कोण जातं विचारल्यावर सगळ्यांत आधी त्याचा हात वर. चढणं सक्तीचं नसतं, आणि कोणाला थांबवायचं ते माझ्या हातात होतं. मी मान डोलावली.

डोलकाठीवरच्या आडव्या वाशाखाली, म्हणजे यार्डाखाली, ताणलेल्या दोरावर पाय रोवून, पोट यार्डाला टेकवून दोन्ही हातांनी शीड वर ओढायचं असतं. तिथे त्याला भोवळ आली. हार्नेस अडकवलेला होता म्हणून तो वाचला. पण हात दोरांत अडकून खांदा निखळला. दोघा खलाशांनी त्याला खाली आणलं, तेव्हा तो “सॉरी सर, सॉरी सर” एवढंच म्हणत होता.

अहवालात मी लिहिलं : पाय घसरला. ताटाबद्दल एक अक्षर लिहिलं नाही.

तो खांदा पुढेही निखळत राहिला. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत असा खांदा चालत नाही. त्या मुलाला नौदलाशिवाय दुसरं काही नको होतं.

त्यानंतर चढण्याआधी मी प्रत्येकाला, जेवलास का, झोपलास का, असं विचारू लागलो. “आज नको सर” म्हणणाऱ्याला सगळ्यांसमोर शाबासकी देऊ लागलो. पोरांना ते पटायला वेळ लागायचा. मला तर त्यांच्याहून जास्त लागला होता.

निवृत्तीनंतर अकोल्याला त्याच्या घरी गेलो. ताटाचं सांगितलं, अहवालाचंही सांगितलं. त्याचे वडील काही बोलले नाहीत. त्यानेच विचारलं, “तुमाले दिसलं होतं, त मले वर काऊन जाऊ देलं?”

तू आपल्याकडचा होतास म्हणून, मी म्हणालो. मुंबईच्या मुलाला मी खालीच ठेवलं असतं.